टेपवरची शेजारीण

"त्या बाईचं नाव मला कळलंच पाहिजे," वर्निस म्हणाली आणि केक कापायची सुरी तिने इतक्या जोरात ठेवली की टेबलावरच्या बशा किणकिणल्या. "कोण कुठली शेजारीण! माझा डॅडी तेव्हा धडधाकट जिवंत असताना त्याला मेला म्हणून सांगते म्हणजे काय?"

 तिची आई लुवेनिया पाहुणीच्या पेल्यात थंड गोड चहा ओतत होती. पेला भरला, तरी तिचा हात थांबला नाही.

"मम्मा, चहा!"

पाहुणीने घाईघाईने लॅपटॉप उचलला. डेमेरिस तिचं नाव, विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहातून आलेली. लॅपटॉपमध्ये १९६४ सालची टेप होती. त्या उन्हाळ्यात क्रँडल नावाचा एक गोरा संशोधक जॉर्जियाच्या या भागात काळ्या लोकांची ब्लूज गाणी गाणाऱ्या जुन्या गवयांना शोधत फिरला होता. वर्निसच्या वडिलांची, सिफस टगलची, तरुणपणच्या गाण्यांची एक तबकडी त्याच्यापाशी होती, फोटो मात्र नव्हता. गावातल्या एका बाईने त्याला सांगितलं, सिफस मेला. क्रँडलने तसं नोंदवलं आणि नंतर कुणी सिफसला शोधायला आलंच नाही.

"जन्मभर शेंगदाण्याच्या गिरणीत पोती वाहिली त्याने," वर्निस म्हणाली. "का, तर कुणा भवानीची जीभ वळवळली!"

"तिचा आवाज आहे टेपवर," डेमेरिस म्हणाली. "मिस लुवेनिया, तुम्ही पहिल्यापासून इथल्याच. तुम्ही ओळखाल बहुतेक."

न ओळखायला काय झालं? ती बाई लुवेनियाच होती.

तशी इथली जुनी रीतच होती. टाय लावलेला गोरा माणूस कुणा काळ्या माणसाचं नाव विचारत दारात आला, की ते नाव गावात कुणी ऐकलेलंच नसायचं. वसुलीवाला असेल, नाहीतर शेरिफचा माणूस असेल. वर्निसला एवढं सांगितलं असतं तरी तिने पोटात घातलं असतं. पण लुवेनियाला स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नव्हती. क्रँडलने आधी सगळं सांगितलं होतं. उत्तरेकडे मोठमोठी सभागृहं भरतात, अशा गवयांना लोक डोक्यावर घेऊन नाचतात. हे ऐकूनच ती खोटं बोलली होती.

सिफस तेव्हा नुकता कुठे घरी टिकायला लागला होता. त्याआधी गिटार घेऊन गेला की महिना महिना पत्ता नसायचा, आणि परत यायचा तो दारूचा आणि परक्या अत्तराचा वास घेऊन. आता तो रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसत होता.

त्या संध्याकाळी जेवताना सिफसने विचारलं होतं, "कोण आलं होतं?"

"विम्याचा माणूस."

"हं," म्हणून त्याने मक्याच्या पावाचा आणखी एक तुकडा मागून घेतला. विषय संपला. लुवेनियाची लाज मात्र संपली नाही. गिरणीच्या धुळीने तो खोकायला लागला की तिला तोंड कुठे लपवू असं होऊन जायचं.

"आधी केक तरी खाऊन घ्या," ती आता म्हणाली.

"केक काही पळून जात नाही, मम्मा. डेमेरिस, लाव गं टेप."

आधी कोंबडा आरवला. मग क्रँडलचा आवाज आला, सिफस टगल इथे कुठे राहतो म्हणून विचारणारा. मग सभागृहांची सगळी हकिकत. आणि मग एका बाईचा तरणा, ठसकेबाज आवाज:

"सिफस? अहो साहेब, तो गेला की! चर्चच्या मागे पुरलाय. मी आपली शेजारीण, मला नाही बाई जास्त ठाऊक."

वर्निसने आईकडे पाहिलं. आईचा आवाज पोरीला ओळखू येत नाही असं कुठे असतं?

"माझाच आहे," लुवेनिया म्हणाली.

"डॅडी कुठे होता तेव्हा?"

"घरामागे. डुकरांचं कुंपण दुरुस्त करत होता."

"म्हणजे हाकेच्या अंतरावर!" वर्निसचा आवाज फाटला. "आणि मघापासून मी त्या शेजारणीला शिव्या घालतेय, तर तू खुशाल ऐकत बसलीस!"

"मग खोटं काय बोललीस? घाल अजून." लुवेनियाने हात ॲप्रनखाली लपवले. "गेला तर परत यायचा नाही, अशी भीती वाटली मला. मी त्याचं आयुष्य चोरलं, पोरी. आणि त्याला कधी सांगितलंही नाही. दवाखान्यात शेवटी त्याच्या उशाशी होते ना, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. तर मी विचारलं, पाणी देऊ का?"

वर्निस उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डेमेरिसला कुठे बघावं कळेना. तिने टेप थांबवली.

"पुढे अजून एक आवाज आहे," ती चाचरत म्हणाली. "खात्री करायला क्रँडलने रस्त्यात आणखी एकाला विचारलं. टेपचं यंत्र त्याच्या खांद्याला चालूच होतं. तो माणूस कोण, तेही आम्हाला आजवर कळलं नव्हतं. पण तुम्हाला नको असेल तर..."

"लाव," लुवेनिया म्हणाली. "होऊन जाऊ दे सगळी शोभा एकदाची."

खडीवर पावलं वाजली. "अहो, जरा थांबता का?" क्रँडल म्हणत होता. "तो सिफस टगल, गाणारा. खरंच वारला का तो?"

पावलं थांबली. मग एक पुरुष बोलला, सावकाश, जड आवाजात. वर्निस खिडकीपासून गर्रकन वळली.

"तुमचं सगळं ऐकलं मी, साहेब, कुंपणापलीकडून. बाई बोलली ते खरं आहे. गेला तो. मीच पुरला त्याला."

"त्याचे कोण तुम्ही?"

"त्याचा? कुणी नाही. मी त्या बाईचा नवरा."