लांबवायचा की थांबवायचा?

एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या सल्लागार ताई एकदा बोलायला लागल्या की कुणाचं ऐकत नसत. नवी पेशंट, तरुण शिंपीण, खुर्चीत टेकते न टेकते तोच त्यांनी टेबलावर दुकान मांडलं. गोळ्या, इंजेक्शन, तांबी, निरोध.

"यातलं काहीही घ्या, पण जोडीला निरोध हवाच. एकावर विसंबायचं नाही. औषध रोज घेता ना?"

"एक दिवस चुकवत नाही. आता रक्तात विषाणू सापडतच नाही म्हणाले डॉक्टर."

"शाब्बास." ताईंना आणखीच चेव आला. शिंपीण कापड पारखावं तशी एकेक वस्तू उलटसुलट करून बघत राहिली.

शेवटी घसा सुकला तेव्हा ताईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावता लावता विचारलं, "मग, पाळणा लांबवायचाय की थांबवायचाय?"

"हलवायचाय."

ताईंना जोराचा ठसका लागला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा लगेच सांगितलं की."

"बसा आता. त्याचीही रीत असते, ती समजावते," म्हणत ताई दुकान आवरायला लागल्या. शिंपिणीने त्यातली तांबी अलगद बाजूला सरकवली.

"ही माझ्या नावानं राहू द्या. पाळणा एकदा हलला, की लांबवायला येतेच."