शेजारचा ब्रेक

“बसवून आणला,” आई म्हणाली आणि गाडीचं दार उघडून तिने मुलीला आत बघायला लावलं. शेजारच्या सीटपुढे, जिथे माणूस एरवी नुसते पाय ताणून बसतो, तिथे काळ्या रबराचा एक ब्रेक दिसत होता. “मेकॅनिक म्हणाला, असलं काम आयुष्यात पहिल्यांदाच केलं.”

“म्हणजे मी चुकले तरी गाडी थांबेल?”

“मग माझा पाय तिथे कशासाठी आहे?”

मुलगी जरा हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच हसली.

आईचा ड्रायव्हिंग क्लास होता. क्लासच्या दोन गाड्या होत्या, त्यांना इतके पोचे आलेले की नवा आला तरी कुणी दखल घेत नसे. ही गाडी मात्र वेगळी. लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, मुलीपेक्षा वयाने मोठी, आणि आईशिवाय कुणाचाही हात न लागलेली. अपवाद एकच: वडिलांनी एकदा चालवली होती आणि फाटकाला घासली होती. तेव्हापासून दातांच्या या डॉक्टरांना तिच्यात मागची सीट कायमची मिळाली होती.

“मला देत नाहीस, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला देणार?” त्यांनी आदल्या दिवशीच विचारलं होतं.

“तुम्ही गाडी घासलीत आणि वर फाटकावर चिडलात. तिच्या हातून चूक झाली तेव्हा ती रडली तरी.”

ती चूक मागच्या वर्षीची. क्लासची गाडी मागे घेताना आई मिनिटभर खाली उतरली होती, आणि तेवढ्यात मुलीने गाडी भिंतीवर नेली. भिंतीला काही झालं नाही, मागचा दिवा फुटला आणि मुलीचा धीर खचला. पुढे तिने परीक्षा दिली, लायसन्सही मिळवलं, पण क्लासच्या गाड्यांत असतो तसा शेजारी दुसरा ब्रेक नसेल तर ती गाडी सुरूच करायची नाही.

आता सोमवारपासून तिचं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिक्षण सुरू होणार होतं. सकाळी सहाला हजर राहायचं होतं, आणि तिकडे जाणारी पहिली बस सातची. त्या वेळी क्लासच्या दोन्ही गाड्या शिकणाऱ्यांच्या ताब्यात असत. म्हणजे आईची गाडी, नाहीतर वसतिगृह. वसतिगृहाचा अर्ज टेबलावर पडून होता आणि मुलगी त्याच्याकडे बघायचंही टाळत होती. तिला घर सोडायचं नव्हतं.

“एक अट आहे,” आई म्हणाली. “हा ब्रेक दाबला की खट्कन आवाज येतो. रविवारपर्यंत तो आवाज एकदाही आला नाही, तर सोमवारी एकटी जा. आला, तर अर्जावर सही कर.”

पहिल्या दिवशी मुलीचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं आईच्या चपलेकडे होतं. मागे वडील दोन्ही हातांनी सीट धरून बसलेले. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणून सांगणारा माणूस, पण तासभर त्यांनी स्वतःचं तोंड गच्च मिटून ठेवलं.

बुधवारी तिने चढावर गाडी थांबवली आणि एक वीतही मागे न जाऊ देता पुन्हा काढली. गुरुवारी बाजारातल्या गल्लीतून आरसे न मिटता बाहेर आली. शुक्रवारी ती गाणं गुणगुणत होती, आणि आईच्या पायाकडे बघायचं विसरली होती. आईला ते कळलं. ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला फार बरं वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी शेवटची फेरी. घर चार फाटकांवर आलं होतं. वडिलांनी सीट सोडून हाताची घडीसुद्धा घातली होती. आणि उभ्या असलेल्या एका व्हॅनमागून तीनचाकी सायकलवरची एक चिमुरडी थेट रस्त्यावर आली.

खट्.

गाडी जागच्या जागी थांबली. चिमुरडी हातभर अंतरावर होती. तिने गाडीकडे पाहिलं, आपली घंटी वाजवली आणि निघून गेली. तिची आजी धावत आली, तोवर सगळं आटोपलं होतं.

मुलीचा पाय ब्रेकवर होता. पण तो केव्हा गेला, आईच्या आधी की नंतर, हे तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. तिने ऐकला होता तो फक्त आवाज.

“आई होती म्हणून,” मागून वडील म्हणाले. “आई शेजारी होती म्हणून वाचलो आपण.”

आईने कपाळावरचा घाम पुसला. “गाडी वेळेत थांबली, एवढं खरं,” ती म्हणाली. “चल, घरी घे.”

मुलीने सावकाश गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली आईपुढे धरली. तिचे डोळे भरून आले होते. “तू नसतीस तर ते बाळ गेलं असतं. मला नको ही गाडी. अर्ज कुठेय?”

आईने किल्लीला हात लावला नाही. ती गाडीतून उतरली आणि दार तसंच उघडं ठेवून उभी राहिली.

“अर्ज राहू दे. आधी इकडे ये आणि माझ्या पायाखालची मॅट काढ. झटकायची आहे.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

मुलगी नाक ओढत वळसा घालून आली. वाकली, आणि मॅटची कड धरून तिने ओढली. मॅटबरोबर ब्रेकही बाहेर निघाला. चार स्क्रूंनी तो एका लाकडी फळीवर बसवलेला होता, आणि त्या फळीला पुढे काहीच जोडलेलं नव्हतं.