भज्यांची बशी
विधवा सत्यभामानं दुसरं लग्न केलं, तेव्हा थोरल्या भावानं बजावलं होतं, “लोणारात पाय ठेवू नोको.” तेरा वर्षांनी ती नवऱ्याला माहेर दाखवायला एसटीतून उतरली. दैत्यसूदनाच्या देवळावरचं कोरीवकाम पाहताना नवऱ्याचं भान हरपलं. तिची नजर मात्र समोरच्या हॉटेलावर खिळली. तिथं भावाची मूगभजी खायला गर्दी लोटली होती. पदर पुढं ओढून ती नवऱ्याला घेऊन हॉटेलातल्या बाकावर टेकली. भावानं भज्यांची बशी आणून ठेवली, तिच्याकडे पाहिलं आणि तो थबकला. तिनं उचललेलं भजं हातातच राहिलं. एकाएकी भावानं बशी मागं ओढली. नवरा ताडकन उठला. “चला, जाऊ,” ती पुटपुटली. “कुठं चालली?” भाऊ खेकसला, मग हळू आवाजात म्हणाला, “गावात भाऊ असून बहीण हॉटेलात खाईन काय? घरी चाल. पाव्हण्याले गोवरीवर भाजलेले रोडगे खाऊ घालू.”