गाळलेलं पाणी

वृषभनं श्वास रोखला आणि टबात धरलेल्या जिवंत पोवळ्यावर पुन्हा पिचकारी मारली. फांदीच्या आडून आणखी एक चपटा किडा सुटला, खाऱ्या पाण्यात गोल फिरला आणि टबाच्या पांढऱ्या तळाशी जाऊन वळवळत राहिला.

वृषभ दातांचा डॉक्टर. दवाखान्यात दाढा बघताना लावायचा भिंगाचा चष्मा त्यानं आज घरी, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी डोळ्यांवर चढवला होता. दातांवरचं कीटण काढायच्या बारीक आकड्यानं तो पोवळ्याच्या बुडाशी चिकटलेली किड्यांची अंडी खरवडत होता. शाहूपुरीतल्या दवाखान्यात पेशंट ताटकळले होते. फोन वाजत होता. वाजू दे म्हणाला.

हॉलमधल्या काचेच्या टाकीत जांभळ्या, हिरव्या, भगव्या पोवळ्यांची बाग होती तेव्हा मित्र चेष्टा करायचे, "डॉक्टर, तळून खायाचं न्हाय, तर समुद्र पाळलाय कशाला?" मग विकत आणलेल्या कुठल्याशा पोवळ्याबरोबर हे पोवळं खाणारे किडे घरात शिरले. तांदळाच्या कणीएवढे, आणि रंग थेट पोवळ्याचाच. ध्यानात येईपर्यंत अर्धी बाग पांढरी फटक पडली होती. उरलेली औषधांनी गेली. आता हा बोटाएवढा जांभळा तुकडा तेवढा राहिला होता. खायला काही नसलं की किडे आपोआप संपतील, म्हणून टाकी दीड-दोन महिने पोवळ्याविना ठेवली होती. तोवर हा तुकडा ओट्यावरच्या डब्यात, दिव्याखाली जीव धरून होता. पण आता त्याच्याही बुडाशी पांढरेपणा चढायला लागला होता. डब्यात तो आणखी टिकणार नव्हता, आणि औषधाची आणखी एक आंघोळ त्याला सोसणार नव्हती. आजच्या आज त्याला स्वच्छ करून टाकीत सोडायचं, नाहीतर सगळंच संपलं.

"काय करायलास रे मघाधरनं?" माळ ओढता ओढता अव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं विचारलं.

"न्हाऊ घालतोय पोवळ्याला."

किड्यांचं त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, तर त्याच्या नळालाही तिनं गाळायचं फडकं बांधलं होतं. मुंगी आडवी आली तर ती पाऊल हवेत तसंच धरून उभी राहायची. आजवरचे सगळे टब त्यानं ती मंदिरात गेल्यावर गुपचूप मोरीत ओतले होते.

त्यानं तुकडा भिंगाखाली सगळीकडून फिरवून पाहिला. किडा नाही, अंडं नाही. पुन्हा पाहिला. मग लहान बाळाला न्यावं तसा दोन्ही हातांनी हॉलमध्ये नेऊन टाकीतल्या दगडावर बसवला आणि काचेसमोर गुडघे टेकून बसला. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग कित्येक दिवस मिटून राहिलेल्या त्या फांदीच्या टोकाशी पोवळ्याचे इवलेइवले हात उघडायला लागले. वृषभनं काचेला नाक टेकवलं.

"वृषभा, ह्या टबातलं पाणी कुठलं रे?" आतून अव्वाची हाक आली.

"टाकीतलंच, अव्वा," तो म्हणाला. नजर त्यानं काचेवरून काढलीही नाही.

फोन पुन्हा वाजला. "आलो, आलोच," असं सांगून तो आत गेला, हात धुतले, सदरा बदलला. जाता जाता एकवार बघावं म्हणून हॉलमध्ये आला.

टाकीजवळ स्टूल ओढून अव्वा त्यावर उभी होती. हातात गाळायचं फडकं, उलटं केलेलं. ते ती हलक्या हातानं टाकीच्या पाण्यात बुडवत होती, उचलत होती, पुन्हा बुडवत होती. शिरोळच्या मळ्यात विहिरीवर ती अशीच करायची. पाणी गाळलं की फडक्यात राहिलेले जीव, ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. लहानपणी तिनंच त्याचा हात धरून हे शिकवलं होतं.

"अव्वा! काय केलंस हे?"

"वळवळायले हुते रे बारकं बारकं जीव टबात. मोरीत गेले असते बघ," अव्वा म्हणाली. "टाकीतलं म्हणालास न्हवं? टाकीत सोडले."

वृषभ आतून पिचकारी घेऊन धावत आला. चष्मा चढवला, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजवत हात टाकीत घातला. पंपाच्या लाटेवर कणीएवढे काहीतरी इकडून तिकडे फिरत होते. पिचकारीनं ओढावं तर पाणीच यायचं. त्यातला एक वाहत वाहत जांभळ्या फांदीवर टेकला आणि तिथेच तिच्या रंगात दिसेनासा झाला. टोकाशी उघडलेले हात एकेक करून मिटले.

मारायचे होते ते मला, हे शब्द त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले. त्यानं पिचकारी खाली ठेवली. तो फरशीवर बसला. एवढ्या मोठ्या माणसाला बोटभर पोवळ्यासाठी रडू यावं याची त्याला लाज वाटली, पण रडू आलंच.

अव्वा घाबरी होऊन स्टुलावरून उतरली. त्याच्या शेजारी बसली आणि पदरानं त्याचा चेहरा पुसायला लागली.

"रडाय काय झालं, वृषभा?" ती म्हणाली. "एकबी मेला न्हाय की."