येसकराची काठी

एकोणीसशे सत्तावन्न साली चाकणजवळच्या एका शाळेत बाईंनी इतिहासाचं पुस्तक मिटलं आणि सातवीच्या पोरांना गावाचं संग्रहालयच मांडायला लावलं. अट एकच होती: घरात जिचा वापर संपला, तीच वस्तू आणायची. कुणी चाकणच्या किल्ल्यावर लढलेल्या पूर्वजाची ढाल आणली, कुणी पणजीचं झिजून गेलेलं जातं. येसकराच्या रतननं बापाची घुंगरांची काठी आणली. ती आपटत तो पाटलांचे निरोप गावभर पोचवायचा आणि सांजेला दारोदार भाकरी मागायचा.

उद्घाटनाला आलेले पाटील आपल्या घरच्या तलवारीपुढं मिशीला पीळ देत उभे राहिले. शेजारी काठी दिसली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"ही हितं कशी गं? काल तर तुझा बाप हीच घेऊन माझ्या दारात हुबा व्हता!"

"काल व्हता," रतन म्हणाली. "आज सकाळी बानंच माझ्या हातात दिली. म्हनला, जा ठिवून ये."

"उद्या मामलेदार यायचेत. त्यांच्या घोड्यापुढं कोन पळनार? उचल ती!"

रतन जागची हलली नाही. तेव्हा पाटलांनीच काठी ओढायला हात पुढं केला. रतन आडवी आली आणि तिनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. पाटी तिनंच रंगवली होती.

"वाचा की, पाटील. हात लावायचा न्हाई."