तेविसावी तक्रार

दुकानदारांसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या पानावर त्याच्या ईमेल आपोआप येऊन बसतात. त्याबद्दलची तेविसावी तक्रार सरांनी मला वाचून दाखवली. ती एका निवृत्त पोस्टमनची होती; आधीच्या बावीसही त्यांच्याच, बायकोच्या टेलरिंगच्या दुकानातून पाठवलेल्या.

“गिऱ्हाइकानं ईमेलचा पत्ता बदलला, की त्याची जुनी पत्रं तुमच्याकडे हरवतात. घर बदललेल्या माणसाची पत्रं आम्ही शोधत जाऊन नव्या घरी द्यायचो. तुम्हाला एवढं जमू नये?”

आठवडाभर खपून मी ते जमवलं. सरांनी स्वतः तपासलं आणि जाम खूश झाले.

“या माणसानं आपल्याला बरोबर कामाला लावलं. उत्तर तूच लिही. आणि खाली पूर्ण नाव टाक, कुणी केलं ते कळू दे त्यांना.”

मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहिलं. सरांनी ते वाचलं, मग तक्रारीखालची सही पुन्हा वाचली.

“हे तुझे बाबा? अगं, मग तेवीस पत्रं कशाला? घरीच सांगायचं ना!”

“मीही तेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, घरी माझी काहीच तक्रार नाही.”