धर्मादाय कोड

“बिलाचा कोड मंजूर नाही. सल्ला दिल्यास उपकरणं बंद होतील,” ऑपरेशन थिएटरमधलं यंत्र म्हणालं.

टेबलावर हॉस्पिटलचे मालक डॉ. अच्युत सबनीस होते. कमरेखाली सुन्न, पण जागे. मांडीतलं रक्त थांबेना, म्हणून सर्जन डॉ. सुनंदाला सल्ल्यासाठी मध्येच बोलावलं होतं; त्या सल्ल्याचं बिल आधी ठरलेलं नव्हतं.

“सुनंदा, सांग ना गं काहीतरी!”

“नियम तुमचाच, सर. माझे बाबा याच टेबलावर गेले, तेव्हा तुम्ही सल्ला न देता इथंच उभे होतात.”

“अगं, मरतोय मी!”

“गरिबांच्या फुकट उपचाराचा धर्मादाय कोड लगेच लागतो. रुग्णानं मागायचा, सर्जननं द्यायचा. बाबांनी मागितला, तेव्हा तुम्ही हसलात.”

“हॉस्पिटल माझं आहे!”

“देवाच्या दारी सगळे याचकच.”

सबनीसांनी डोळे मिटले. “धर्मादाय... द्या.”

“मोठ्यानं, सर. बाबांना ऐकू कमी यायचं.”